तीन व्हॉल्व्ह आणले, एक लागला

मामीची तक्रार तीन वाक्यांत संपायची. सकाळी सहाला आंघोळीला जाणारा पाहुणा म्हणतो पाणी गार आहे. दुपारी जाणारा म्हणतो पाणी भाजतंय. आणि महिनाअखेरीला मामा बिल हातात धरून विचारतो, चारही गिझर रात्रभर कोणी चालू ठेवले?

घर दापोली तालुक्यात, समुद्राकाठच्या एका गावात. मूळ घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. मागे खालच्या अंगाला आगर, त्यात माड आणि पोफळी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मागच्या पडवीचं छप्पर गेलं, माड आडवे झाले, गावात कित्येक दिवस वीज नव्हती. त्या पडवीच्या जागी मामाने पुढे स्लॅबच्या चार खोल्या बांधल्या, पर्यटकांना द्यायला. प्रत्येक खोलीला न्हाणीघर, प्रत्येक न्हाणीघरात १५ लिटरचा गिझर, आणि स्लॅबवर ३०० लिटरचा सोलर, ३० काचनळ्यांचा. सोलर कोणी सुचवला, गिझर कोणी, हे आता कोणालाच आठवत नाही. दोन्ही होते, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. न्हाणीघरात दोन वेगवेगळे नळ. पाहुणा पहिला सोलरचा उघडायचा, अर्धा मिनिट हात धरायचा, गार लागलं की बंद करून गिझरचं बटण दाबायचा. तो गिझर मग त्याची खोली सुटेपर्यंत चालू.

मी पॅनेल वायरिंगची कामं करतो, त्यामुळे घरातली असली प्रकरणं माझ्याकडेच येतात. पण या प्रकरणाची सुरुवात माझ्यापासून झाली नाही. ती जर्मनीतून झाली.

मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथे नोकरीला आहे. दिवाळीत आला होता. त्याच्या तिथल्या घरात प्रत्येक खोलीत खिडकीखाली रेडिएटर असतो, त्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरतं, आणि प्रत्येक रेडिएटरला एक व्हॉल्व्ह. जुन्या व्हॉल्व्हच्या मुठीवर १ ते ५ आकडे असतात; ३ वर ठेवलं की खोली साधारण २० अंशांवर राहते. मुठीच्या आत मेण किंवा द्रव भरलेली एक डबी. खोली तापली की ती फुगते, पुढची पिन दाबते, पाणी कमी होतं. खोली गार झाली की आक्रसते, पाणी वाढतं. वीज नाही, वायर नाही. दादाने ती मूठ काढून तिथे सेलवर चालणारी, छोट्या मोटरने तीच पिन ढकलणारी नवी मूठ बसवली. कोणी खिडकी उघडली आणि तापमान झपकन उतरलं की ती आपणहून बंद होते. माणूस घराबाहेर गेला की घर गार ठेवते. तो मोबाईलवर आम्हाला त्याची बैठकीची खोली दाखवत होता: १७ अंश. मामा म्हणाला, "आमच्याकडे एवढं व्हायला पोस्टमास्तरला स्वेटर घालून यावं लागेल."

पण दादाचा मुद्दा बरोबर होता. तिथे घर तापवायचं असतं, इथे फक्त पाणी. हिवाळ्यात वर दापोलीच्या पठारावर पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, खाली किनाऱ्यावर तेवढाही नाही. तरी प्रश्न एकच: उष्णता एका जागी तयार होते, लागते दुसरीकडे, आणि मधला नळ कधी उघडायचा हे माणसावर सोडलं की वाया जाते. त्याने परत जाण्याआधी कागदावर आकृती काढून दिली. तीन मोटर-व्हॉल्व्ह, तापमान मोजणारे चार सेन्सर, आणि ते वाचून व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा एक कंट्रोलर. मी ते सगळं मागवलं. हे लिहिताना त्यातले दोन व्हॉल्व्ह माजघरातल्या कोनाड्यात आहेत.

आधी मोजलं

एक गोष्ट मी शहाणपणाने केली. काहीही कापण्याआधी डिसेंबरात आठ दिवस नुसते सेन्सर लावून ठेवले. डीएस१८बी२० नावाचे, स्टीलच्या बारीक टोपीतले, तीन तारांचे. सोलरच्या टाकीतून निघणाऱ्या पाइपवर एक, लांबच्या टोकाच्या चौथ्या खोलीत नळाजवळ एक, गार पाण्याच्या टाकीत एक.

पहिल्याच सकाळी पाइपवरच्या सेन्सरने सहा वाजता २४ अंश दाखवले. म्हणजे सोलर रात्रीत गार झाला, असं मी धरून चाललो. मिस्त्री, म्हणजे गावातला प्लंबर, वर चढला, त्याने टाकीच्या हवेच्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. टाकी गरमच होती. माझा सेन्सर टाकीतल्या पाण्याचं नव्हे, रात्रभर पाइपात उभ्या राहिलेल्या पाण्याचं तापमान सांगत होता. दादा हसला फोनवर; त्याच्याकडेही हीच भानगड झाली होती, उलट बाजूने. व्हॉल्व्हमधला सेन्सर रेडिएटरला चिकटलेला, म्हणून खोली गारठलेली असताना तो म्हणायचा झाली गरम. शेवटी त्याने खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर वेगळा सेन्सर लावला.

आमच्या सोलरच्या टाकीला हीटरसाठी ठेवलेलं एक तोंड बूच लावून बंद केलेलं होतं. त्यात पितळी खोळ बसवून सेन्सर आत सोडला. मग खरं चित्र दिसलं. उन्हाच्या दिवसानंतर सकाळी सहाला टाकीत ५० च्या वर पाणी असायचं. पाहुण्याला गार पाणी मिळायचं त्याचं कारण टाकी नव्हती, पाइप होता.

स्लॅबवरून शेवटच्या खोलीपर्यंत पाइप २८ मीटर. पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप, आतून साधारण १८ मिलिमीटर. एवढ्या पाइपात ७ लिटर पाणी मावतं. ते रात्रभरात गार होतं आणि सकाळी पहिल्या माणसाला ते ७ लिटर गटारात सोडल्याशिवाय गरम पाणी दिसत नाही. नळ थोडा उघडला तर तीन-चार मिनिटं. तेवढा धीर धरणारा पाहुणा मामीने अजून पाहिलेला नाही. बाकीचे गिझरचं बटण दाबतात. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागल्यावर हे सोडून दिलेलं पाणी पाहून मामीचा जीव जायचा, ते वेगळंच.

म्हणजे तक्रारींपैकी पहिली पाइपाच्या लांबीची. दुसरी, भाजण्याची, ऊन जास्त झालेल्या टाकीची. एप्रिलमध्ये खोल्या रिकाम्या राहिल्या तर टाकी ८० च्या वर जाते. तिसरी, बिलाची, पहिल्या तक्रारीचं पोर.

कागदावरचा आराखडा

चारही गिझर काढायचं नक्की झालं. चारही एकदम चालू झाले की ८ किलोवॅट, म्हणजे ३५ अँपियर. घरातले दिवे पिवळे पडायचे. त्याऐवजी मध्ये एकच १०० लिटरचा, ३ किलोवॅटचा गिझर. आणि व्हॉल्व्ह असे:

एक, तिहेरी, म्हणजे तीन तोंडांचा. सोलर गरम असेल तर पाणी सरळ खोल्यांकडे, नसेल तर गिझरमधून.

दुसरा, सोलरला येणाऱ्या गार पाण्यावर. सकाळी लोक आंघोळ करत असताना गार पाणी आत शिरून गरम पाणी पातळ करतं, तर तेवढा वेळ ते बंद.

तिसरा, पाइपाच्या लांबच्या टोकाला. तो उघडला की पाइपातलं गार पाणी आपोआप बाहेर पडेल आणि गरम पाणी दारापर्यंत येऊन उभं राहील.

दुसरा व्हॉल्व्ह बसलाच नाही. मिस्त्रीला आकृती दाखवली, त्याने ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारलं, "गार पाण्याचा कॉक बंद केलास तर गरम पाणी वरून खाली ढकलणार कोण?" सोलरची टाकी भरलेली असते ती गार पाण्याच्या दाबामुळेच. खालून गार शिरतं तेव्हा वरून गरम निघतं. गार बंद, की थोडं पाणी उतरून हवा अडकणार आणि नळ फुसफुसणार. त्याहून वाईट म्हणजे नळ्या रिकाम्या पडल्या आणि भर उन्हात त्या तापलेल्या काचेत पुन्हा गार पाणी सोडलं, तर नळ्या तडकतात. हे मला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोम्यात कोणी शिकवलं नव्हतं. दोनशे रुपये मजुरी घेऊन मिस्त्रीने त्या दिवशी ३० नळ्या वाचवल्या.

व्हॉल्व्ह घेताना मी मात्र एक चूक टाळली. बाजारात स्वस्तात मिळतो तो सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह, वॉशिंग मशीनमध्ये असतो त्या जातीचा. यातले बरेचसे नीट उघडायला मागे पाण्याचा दाब मागतात. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब १ बार. आमची टाकी नळांपासून जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे ०.३ बार. शहरात प्रेशर पंपावर चालणारा व्हॉल्व्ह आमच्याकडे अर्धवट उघडून कण्हत बसतो. म्हणून मोटरने फिरणारे बॉल व्हॉल्व्ह घेतले. ते सावकाश उघडतात, पण दाब असो नसो, पूर्ण उघडतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण लोक हौसेने हे घरी करतात आणि इथेच आग लागते. कंट्रोलरसोबत येणाऱ्या निळ्या ठोकळ्याच्या रिलेवर, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर वीज जोडणाऱ्या छोट्या स्विचवर, १० अँपियर लिहिलेलं असतं. ३ किलोवॅटचा हीटर १३ अँपियर घेतो. त्या रिलेचे संपर्क काही दिवसांत काळे पडतात किंवा चिकटून जातात, आणि मग तुमचा प्रोग्रॅम "बंद" म्हणत राहतो, हीटर चालूच. रिलेने फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंटचा मोठा स्विच, ओढायचा, हीटर २५ अँपियरच्या कॉन्टॅक्टरवर. त्याआधी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. अर्थिंगचा खड्डा आम्ही नवा केला. जांभ्यात जुना खड्डा उन्हाळ्यात पार कोरडा पडला होता.

आषाढातली सकाळ

फेब्रुवारीत सगळं चालू झालं. मे पर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाईलवर टाकीचं तापमान दाखवायचा.

जुलैत शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली. चारही खोल्या भरल्या. चार दिवस सूर्य दिसला नव्हता, टाकीत २९ अंश. रविवारी पहाटे वीज दोन-तीनदा गेली-आली. सात वाजता मामीचा फोन, मी अंथरुणातच.

"तुझं यंत्र रुसलंय. पाणी गार आहे."

"गिझर लागला नाही का?"

"तो लावलाय मी, भिंतीवरच्या बटणावरून. लाल दिवा पेटलाय. पाणी गारच येतंय."

मी मोबाईलवर पाहिलं. सोलरची टाकी: ८५.०. ढगाळ आषाढात, पहाटे. आलेखावर पाच वाजल्यापासून पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ.

ज्याने हे सेन्सर वापरलेत त्याला ८५ हा आकडा पाहून कपाळावर हात मारावासा वाटेल. डीएस१८बी२० ला वीज मिळते तेव्हा त्याच्या पोटात आधीच ८५ हा आकडा भरलेला असतो. पूर्ण बारकाव्याने तापमान मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो. त्याआधी वाचलं, किंवा मधेच त्याची वीज तुटून जोडली गेली, की तो हाच आकडा देतो. तार पूर्ण तुटली तर बहुतेक प्रोग्रॅम उणे १२७ दाखवतात, ते निदान वेडपट दिसतं. ८५ दिसतं खरं. सोलरच्या टाकीत तर फारच खरं.

तारेचा सांधा मी नुसती टेप गुंडाळून केला होता. खारी हवा आणि दीड महिन्याचा पाऊस; तांबं हिरवं पडलं होतं, सांधा धरत-सोडत होता. प्रत्येक वेळी सेन्सर नव्याने जागा व्हायचा आणि म्हणायचा ८५. कंट्रोलरने हिशोब सरळ केला: सोलर कडक तापलाय, गिझरची गरज नाही, तिहेरी व्हॉल्व्ह सोलरकडे फिरवा. मामीने हाताने गिझर लावला, तो बिचारा मुकाट १०० लिटर पाणी तापवत होता, पण ते पाणी खोल्यांकडे जायला वाटच नव्हती. वाट व्हॉल्व्हने बंद केलेली.

सेन्सर बिघडतो. पण घरातल्या माणसाने बटण दाबलं आणि त्याचा उपयोग झाला नाही, याचा मला खरा राग आला, आणि तो स्वतःवरच होता.

त्या सकाळी मामाने अडगळीतून नारळाची सोडणं काढली, जुन्या न्हाणीतला तांब्याचा बंब पेटवला आणि चार खोल्यांना बादल्या पोचवल्या. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाने बंबाचे पंचवीस फोटो काढले. मामी म्हणाली, "पाहुण्यांना तेच आवडलं." म्हटलं, मामी, मला हे सांगू नको.

दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी जाऊन सांधा कापला, झाळून घेतला, आत गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवली, आणि तार कंट्रोलरच्या डब्यात शिरताना खाली झोळ देऊन वर आणली, म्हणजे पागोळीचं पाणी झोळाच्या तळाशीच टपकेल. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या: नेमका ८५.० आला तर तो टाका. एका मिनिटात टाकीचं तापमान ५ अंशांहून जास्त उडालं तर तेही टाका. ३०० लिटर पाणी तशी उडी मारत नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मिस्त्री पुन्हा त्याच आकृतीकडे बघत होता. म्हणाला, "हा तिहेरी कशाला? सोलरचं पाणी कायमच गिझरमधून जाऊ दे की. गरम आलं तर थर्मोस्टॅट हीटर लावणारच नाही."

मी याला उत्तर शोधत बसलो. एक आक्षेप खरा होता: सोलरचं पाणी ८० च्या वर जातं, गिझरला ते चालेल का? माहितीपत्रक काढून पाहिलं, चालत होतं. (हे प्रत्येकाने आपापल्या गिझरचं तपासावं, सगळ्यांना चालत नाही.) दुसरा आक्षेप, गिझरच्या टाकीतून थोडी उष्णता वाया जाईल. जाईल, थोडी. तिसरा आक्षेप सापडला नाही. तिहेरी व्हॉल्व्ह काढला, सोलर आणि गिझर एकामागे एक जोडले. आता मामीने भिंतीवरचं बटण दाबलं की पाणी तापतं आणि खोल्यांत जातं; कंट्रोलरला वाटो काहीही.

भाजण्याचं काय? त्यासाठी मी आधी प्रोग्रॅममध्ये मोठा खटाटोप करणार होतो. केला नाही. गिझरच्या पुढे एक मिश्रण व्हॉल्व्ह बसवला. एका तोंडाने गरम, दुसऱ्याने गार, तिसऱ्याने ४५ अंशांचं पाणी बाहेर. आत काय आहे? मेणाची डबी, दादाच्या जुन्या मुठीत होती तीच. मेण फुगतं, गरम कमी होतं. ६० अंशांचं पाणी लहान मुलाला काही सेकंदांत भाजतं. ते काम वायफायवर टाकायचं नाही एवढं मला जुलैत कळलं होतं. आमचा दाब कमी, म्हणून हा व्हॉल्व्ह एक माप मोठा घ्यावा लागला आणि गार-गरम दोन्ही एकाच टाकीच्या उंचीवरून आणावं लागलं, नाहीतर एक दुसऱ्याला ढकलत राहतं.

मेणामुळे आणखी एक सोय झाली. वीज वाचवायला गिझर ४५ वरच ठेवावा असं वाटतं, पण २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, आणि शॉवरच्या फवाऱ्यातून ते फुफ्फुसात जाऊ शकतात. खोल्या आठवडाभर रिकाम्या असतात तिथे तर हे बघायलाच हवं. आता पुढे मेण उभं असल्यामुळे गिझर आठवड्यातून एकदा, आणि पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री, बिनधास्त ६० वर नेता येतो.

कंट्रोलरकडे हीटरचं एक काम राहिलं: कधी लावायचा. १०० लिटर पाणी १ अंश तापवायला ३ किलोवॅटला २ मिनिटं २० सेकंद लागतात. गिझरच्या टाकीत ३० अंश असेल आणि ५० हवं असेल तर पाऊण तास. म्हणजे सव्वापाचला लावला की सहाला तयार. पहिल्या पावसाळ्यात हे गणित रोज चुकायचं, पाणी सहाला कोमटच. मीटर लावला तर पहाटे व्होल्टेज १९०. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. २३० चे १९० झाले की ३ किलोवॅटचे २ उरतात. पाऊण तासाचं काम जवळजवळ सव्वा तासावर गेलं. तेव्हापासून मी मिनिटं मोजणं सोडलं. पावणेपाचला टाकी बघायची, कमी असेल तर हीटर लावायचा, ५० झाले की काढायचा.

बेलचं बटण

राहिला तिसरा व्हॉल्व्ह, लांबच्या टोकाचा. हा मात्र पहिल्यापासून लागू पडला, फक्त तो कधी उघडायचा यावर सगळा घोळ झाला.

पाइपाच्या टोकाला व्हॉल्व्ह, त्यातून एक नळी खाली आगरातल्या हौदात. उघडला की पाइपातलं ७ लिटर गार पाणी उतारानेच हौदात जातं, पंप नको, आणि ते पोफळींना मिळतं. टोकाच्या सेन्सरने ३८ दाखवले की बंद. साधारण दीड मिनिट. गटारात काही नाही.

आधी घड्याळ लावलं: सहा ते नऊ, दर वीस मिनिटांनी. रिकाम्या घरातही गरम पाणी हौदात जाऊ लागलं. मग न्हाणीघरात हालचाल टिपणारा सेन्सर. रात्री दोनला कोणी लघवीला गेलं की व्हॉल्व्ह उघडायचा. आंघोळ चालू असताना वाफेच्या लोटाने पुन्हा उघडायचा. दादाने जर्मनीतून सेलवरचं बिनतारी बटण पाठवलं. दीड फुटी जांभ्याच्या भिंतीतून त्याचा संदेश कधी पोचायचा, कधी नाही, आणि एका पाहुण्याचा मुलगा ते खेळणं समजून घेऊन गेला.

मामी म्हणाली, "बेलचं बटण लाव. ते दाबायचं हे सगळ्यांना कळतं."

न्हाणीघराच्या दाराबाहेर साधं बेलचं बटण, १२ व्होल्टवर, वायरने थेट कंट्रोलरला. खाली पाटी, मामीच्या अक्षरात: गरम पाण्यासाठी एकदा दाबा, दोन मिनिटं थांबा. व्हॉल्व्ह उघडला की बटणाशेजारचा दिवा लुकलुकतो, पाणी आलं की स्थिर होतो. एक आजीबाई बटण दाबून दार उघडून उभ्या राहिल्या, कोणी येतंय का बघत. तेवढंच.

या व्हॉल्व्हची एक परीक्षा मामाने घेतली. तो उघडा असताना त्याने मेन स्विचच खाली ओढला. या जागी मी आधी लावलेला व्हॉल्व्ह, साधा मोटरचा, होता तिथेच उघडा राहिला आणि गरम पाणी हौदात धो-धो. वीज रात्रभर आली नसती तर सकाळी ३०० लिटर गरम पाणी पोफळींनी प्यायलं असतं. म्हणून तो बदलून वीज जाताच स्प्रिंगने स्वतः मिटणारा आणला, शिवाय काहीही झालं तरी तीन मिनिटांनी बंद असा वेगळा टायमर घातला. तो टायमर कंट्रोलरमध्ये नाही, बाहेर, स्वतंत्र.

आता

चारही गिझर निघाले. उन्हाच्या दिवसांत मोठा गिझर लागतच नाही. दादा मात्र तिथून बसून आलेख बघतो आणि मला विचारतो, मंगळवारी ३८ ऐवजी ३६ ला व्हॉल्व्ह का मिटला. बंब न्हाणीतच आहे.

डब्यात यंदा मुंग्यांनी घर केलं होतं, रिलेच्या अगदी गरम कोपऱ्यात, अंडी घेऊन. वायर आत येते त्या ग्लँडला बोटभर फट राहिली होती. ती बंद केली, सिलिका जेलची पुडी बदलली, कॉन्टॅक्टरचे स्क्रू पुन्हा आवळले. खाऱ्या हवेत हे दर पावसाळ्याआधी करावंच लागतं. मामा शेजारी उभा होता. कोनाड्यातला तिहेरी व्हॉल्व्ह हातात घेऊन, तो फिरवून बघत होता.

"हा पोफळींच्या पाटाला लावला तर? एकदा वरच्या ओळीला, एकदा खालच्या."

पाट उघडा असतो, व्हॉल्व्हला पाइप लागतो, हे मी त्याला सांगेपर्यंत तो मिस्त्रीला फोन लावून मोकळा झाला होता.